तुमच्यासारख्यांसाठी

माझ्या सर्फबोर्डाच्या शेपटीजवळ एक भोक आहे. दहा रुपयांच्या नाण्याएवढं. आत काळ्या प्लास्टिकची वाटी बसवलेली आणि वाटीत एक आडवी बारीक सळई. पाण्यात उतरण्याआधी बोर्डावर मेण घासताना माझं बोट दर वेळी तिथं अडखळतं, आणि दर वेळी पोटात तेच ढवळून येतं. दोन वर्षं होऊन गेली. ज्यानं ते भोक पाडलं त्याचा चेहरा आता नीट आठवत नाही. वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवतं.

मी मूळची हर्णैची. वडील शाळामास्तर. घराच्या पडवीतून समुद्र दिसायचा, पण आम्हा मुलींना पाण्यात घोट्यापर्यंत जायची मुभा, त्यापुढे नाही. मग लग्न, पुणे, नवऱ्याच्या नोकरीमागे कॅलिफोर्निया. सान क्लेमेंटे गावात घर घेतलं आणि मुलीला पोहायला सोडता सोडता चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही पोहायला शिकले. एवढं पुरे.

शेजारी एक निवृत्त सुतार राहत. पंच्याहत्तरीला आलेले. मी त्यांना मराठीतच आजोबा म्हणायचे; अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं आणि पुढे त्यांची बायकोही त्यांना तशीच हाक मारू लागली. त्यांच्या गॅरेजात छताला टांगलेला हा बोर्ड. नऊ फूट आठ इंच लांब, वजन चौदा किलो. एका उन्हाळ्यात पडेल ते काम करून त्यांनी पैसे साठवले आणि 1965 साली डेना पॉइंटच्या होबीच्या दुकानातून तो घेतला. होबी ऑल्टरनं ते दुकान 1954 साली काढलेलं. आधी बोर्ड बाल्सा लाकडाचे असत. 1958 च्या सुमारास ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फोम ओतून त्यावर काचतंतूचं कापड आणि रेझिन चढवायची रीत बसवली. आजोबांचा बोर्ड तसा होता. मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची पट्टी, दोन्हीकडे फोम, आणि रंग उन्हानं पिवळटलेला, कढवायला ठेवलेल्या लोण्यासारखा. बोर्ड घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी डेना पॉइंटला बंदराचं काम सुरू झालं, दगडी बांध पडला आणि तिथली नामांकित लाट कायमची गेली. जिच्यासाठी बोर्ड घेतला ती लाटच राहिली नाही, हे सांगताना आजोबा अजून हळहळायचे. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आखूड बोर्डांची लाट आली. पोरांनी घरचे लांब बोर्ड सोलले, आतला फोम कापून त्यातून आखूड बोर्ड काढले. आजोबांनी हात लावला नाही.

त्या बोर्डावर उभं राहायला मला आजोबांनीच शिकवलं. शिकायला आम्ही सान ओनोफ्रेच्या किनाऱ्यावर जायचो. कॅम्प पेंडलटन या मरीन तळाची ती जमीन, 1971 पासून राज्याच्या उद्यानखात्याकडे भाड्यानं दिलेली. पहाटे फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. तेव्हा एका बाजूला 2013 साली कायमच्या बंद केलेल्या अणुवीज केंद्राचे दोन घुमट दिसायचे. पाण्याखाली गोटे आहेत आणि उतार अगदी मंद, त्यामुळे लाट दूरवर फुटते आणि घाई न करता किनाऱ्यापर्यंत येत राहते. लांब बोर्डासाठी आणि वयस्क माणसासाठी यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही.

बोर्ड बगलेत मावेना. माझा हात त्याच्या रुंदीला पुरायचा नाही. पहिल्या दिवशी मी टॉवेल पिळला, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर बोर्ड घेऊन चालू लागले. हर्णैच्या बंदरावर बायका माशांच्या टोपल्या नेतात तशी. आजोबा बघतच राहिले. साठ साली आम्हीही डोक्यावरूनच नेत होतो म्हणाले, पण ही चुंबळीची युक्ती कुणाला सुचली नाही. पाण्यात शिरताना त्यांनी सांगितलं, पाय उचलून टाकू नकोस, वाळूत घासत चल, खाली स्टिंगरे असतात. चित्र दाखवल्यावर मी ओळखलं: पाकट. आमच्याकडे लिलावात शेपूट तोडूनच मांडलेली असतात. (काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. नव्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.)

आजोबांचा एकच नियम होता. दोरी नाही. आजकाल सगळ्यांच्या घोट्याला लीश असते, रबरी दोरी, माणूस पडला तरी बोर्ड जवळच राहतो. 1965 साली ती नव्हती. सत्तरीच्या सुरुवातीला सांताक्रूझकडे पॅट ओनीलनं ती आणली, आणि त्याच्या वडिलांचा, वेटसूट बनवणाऱ्या जॅक ओनीलचा, डावा डोळा त्याच ताणल्या दोरीनं परत आलेल्या बोर्डामुळे गेला. आजोबांच्या बोर्डाला दोरी बांधायला जागाच नव्हती. त्यांचं म्हणणं, बोर्ड सोडायचा नाही, आणि सुटला तर पोहत जाऊन आणायचा. सुटायचाच. फेसाबरोबर पार काठाला जायचा आणि मी साठ-सत्तर मीटर पोहत त्याच्या मागे. दिवसात दहा वेळा, पंधरा वेळा. पोहण्याच्या तलावात मला नुसतं तरंगता येत होतं. पोहायला मला या बोर्डानं शिकवलं. पडताना हात आपोआप त्याच्याकडे जायला लागला. मागून येणारी लाट बघून घ्यायची, पुढे कोण आहे बघून घ्यायचं, आपल्याला झेपेल तेवढीच लाट धरायची, या सगळ्या गोष्टी दोरी नसल्यामुळे अंगात मुरल्या. दोरी बांधून शिकणाऱ्याला ही नजर येत नाही असं माझं ठाम मत झालं होतं.

पाचव्या महिन्यात मी उभी राहिले. त्याआधी गुडघ्यांवर, त्याआधी पोटावर. लाट बोर्डाखाली आली की शेपूट उचललं जातं आणि क्षणभर सगळं जड होतं. मग एकदम हलकं. मी उभी होते आणि बोर्ड सरळ चालला होता, आणि आवाज कसला तर बोर्डाखालून चुळचुळ वाहणाऱ्या पाण्याचा. बाकी काही नाही. आजोबांनी नंतर सांगितलं, उन्हाळ्यातली ही लाट न्यूझीलंडच्या खालच्या वादळात उठलेली असते, आठ-दहा दिवस चालून इथवर येते. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं 1963 साली अशा लाटांचा माग पार अलास्कापर्यंत काढला होता. एवढ्या लांबून आलेली गोष्ट माझ्या पायाखाली संपली, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. दिवसकार्य आपल्यासारखं नसतं, पण बाराव्या-तेराव्या दिवशी आजी बोर्ड घेऊन दारात उभ्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या टोकाला धरून. तुझ्याकडेच राहू दे म्हणाल्या.

आणि मग तो ऑक्टोबर. ओहोटी होती, बोर्ड हातून सुटला आणि गोट्यांवर आपटला. नाकाला तडा, एका कडेला तळहाताएवढी खोक. दाबलं की बुडबुडे यायचे. फोम स्पंजासारखं पाणी पितो, ते वाळवून बुजवलं नाही तर आतून कुजतो. म्हणून मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानाचं नाव सांगत नाही. मी तिथं उभं राहून बोटानं दाखवलं: हे नाक, ही कड. बाकी कशाला हात लावू नका. त्यानं चिठ्ठीवर लिहून घेतलं. दोनशे वीस डॉलर, तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी गेले तर बोर्ड उलटा ठेवलेला आणि फिन नाही.

ही फिन म्हणजे काय ते सांगायला हवं. शेपटीखालचा पंख, बोर्डाला दिशा देणारा. हल्ली ती पेटीत स्क्रूनं बसवतात. आजोबांच्या बोर्डाची बोर्डाच्या अंगातूनच निघाल्यासारखी, रेझिननं कायमची जोडलेली. मागून सरळ, पुढून गोल, इंग्रजी डी अक्षरासारखी. काचतंतूच्या कापडाचे थर एकावर एक बसवून केलेली, आणि कडेला, जिथं वाळूनं घासली होती, तिथं ते थर चिरोट्याच्या पदरांसारखे दिसायचे. मी उन्हात बोर्ड वाळवत बसले की त्या पदरांवरून नख फिरवायचे.

ती मुळापासून कापलेली. तिच्या जागी काळी प्लास्टिकची पेटी आणि तिच्यात कारखान्यातली नवी फिन. बोर्ड सुलटा केला तर वरच्या बाजूला ते भोक, लीश बांधायला. मी विचारलं, हे काय? तो माणूस खरोखर खुशीत होता. बुडाला बारीक तडा सापडला होता म्हणाला, म्हणून सगळंच नीट करून टाकलं. आता सोपं जाईल, सेफ आहे. "फॉर समवन लाइक यू."

तुमच्यासारख्यांसाठी. म्हणजे कोणासारख्यांसाठी? बाईसाठी? पन्नाशीकडे आलेल्या बाईसाठी? सावळ्या बाईसाठी, जिचे उच्चार वेगळे आहेत? की नुसतं नवशिक्यांसाठी? मी दोन वर्षं हे वाक्य उलटंपालटं करून बघते आहे. त्याच्या मनात कदाचित यातलं काहीच नसेल. पण चिठ्ठीवर माझे शब्द होते, त्याच्याच अक्षरात, आणि ते त्याला मोजावेसे वाटले नाहीत. आजोबा स्वतः गेले असते तर त्यांना न विचारता त्यानं करवत लावली असती का? नसती. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

जुनी फिन कुठं आहे विचारलं. टाकली. मी दुकानामागे गेले आणि कचऱ्याच्या लोखंडी पेटीत बघितलं. रेझिनचे डबे, सँडपेपर, धूळ. हात खांद्यापर्यंत घालून बघितलं. मंगळवारी गाडी येऊन गेली होती.

बिल तीनशे पंच्याण्णव डॉलरचं झालं होतं. वाढीव कामाचे पैसे धरून. मी ते दिले. आणि पैसे देऊन, बोर्ड उचलताना, मी थँक्यू म्हणाले. भोकापेक्षा, फिनपेक्षा, मला हे जास्त डाचतं. गाडीत बसल्यावर मला जे जे बोलायचं होतं ते सगळं सुचलं, स्वच्छ मराठीत.

हर्णैला होड्या ओढून ठेवलेल्या असायच्या पावसाळ्यात, आणि नारळी पौर्णिमेआधी सुतार यायचे. एक फळी बदलायची तरी सुतार तांडेलाला बोलवायचा, ठोकून आवाज ऐकवायचा, दाखवायचा. मग हात लावायचा. लहानपणी मी हे कितीदा बघितलं आहे. कसबाची गोष्ट नंतरची, आधी वस्तू कोणाची हे ध्यानात असायला हवं. कुणाला जुनी वस्तू दुरुस्तीला द्यायची असेल तर माझं सांगणं एवढंच की काय करायचं ते तर लिहून घ्याच, काय करायचं नाही तेही लिहून घ्या आणि खाली सही घ्या. आणि निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मी काढला नव्हता. फिनचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

दोन महिने मी पाण्यात गेले नाही. मग गेले, तर नव्या फिननं बोर्ड सहज वळायला लागला. आधी वळवायला मला शेपटीवर पाऊल रोवून सगळं अंग पिळावं लागायचं. आता नुसता खांदा वळवला तरी पुरे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. त्या हिवाळ्यात मी जेवढी शिकले तेवढी आधीच्या वर्षात शिकले नव्हते. याचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाचा राग आला.

भोकात दोरी मात्र ओवली नाही. जूनपर्यंत. मग मुलीनं वाढदिवसाला लीश आणून दिली आणि मन मोडवेना म्हणून एका रविवारी बांधली. गर्दी होती. लाट धरली, मागच्यानं हूल दिली, मी पडले. पाण्याखाली घोट्याला हिसका बसला, आणि वर आले तर माझ्यापासून दोन हातांवर बोर्ड, आणि त्याच्या पुढे, त्याच सरळ रेषेत, सहा-सात वर्षांची एक मुलगी फेसात उभी. गुलाबी टोपी. ती हसत होती, तिला काही कळलंही नव्हतं. बोर्ड चौदा किलोचा आहे हे मी वर सांगितलंच.

तेव्हापासून रविवारी मी दोरी बांधते. मधल्या वारी, पहाटे, पाण्यात चार-पाचच जण असले की सोडते, आणि बोर्ड सुटला की पोहत जाऊन आणते. त्या दुकानदाराला मी माफ केलेलं नाही. दोरी ओवताना तर नाहीच.

आजींना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या आता ब्याऐंशीच्या. मी गाडीच्या टपावर बोर्ड बांधायला लागले की त्या कॉफीचा कप घेऊन कठड्याशी येतात. बोर्ड टपावर उलटाच ठेवतात, फिन वर करून. म्हणून आधी मी फिनवर टॉवेल गुंडाळते आणि मग पट्टे आवळते. आजींनी एकदा विचारलं, टॉवेल कशाला? ऊन लागू नये म्हणून, मी म्हणाले. चांगलं करतेस, त्या म्हणाल्या, त्यांनी कधी इतकी काळजी घेतली नाही.