ब्रश कुठे थांबवायचा

पावडरखाली बोटाचा ठसा दिसू लागला की ब्रश थांबवणं मला अजून जड जातं. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये, कॉलेजच्या खोलीत रचलेल्या खोट्या घटनास्थळी, काचेच्या ग्लासवर पहिल्याच हलक्या फेरीत लूप, म्हणजे रेषांचा वळसा, आला. डावीकडे रेषा सुट्या, एका रेषेला फुटलेला फाटाही स्पष्ट. उजवीकडे डेल्टापाशी, तीन बाजूंच्या रेषा भेटतात तिथे, मात्र नुसता करडा धुरळा. तिथे अजून एकदा फिरवू, असं हाताला वाटतंच. पण जास्तीची पावडर रेषांमधल्या खाचांत बसते आणि आलेलंही बुजतं. पावसाळ्यात, पावडर ओल धरते तेव्हा, हे फार पटकन होतं. किती म्हणजे पुरे, हे कुठल्याच मॅन्युअलमधून बोटांत उतरत नाही.

ब्रश मीच धरणार, हा माझा हट्ट होता. वर्गात माझा हात सगळ्यांत हलका, याचा गर्व मला होता; आजही आहे. त्या दिवशी टॉर्च तिरपा धरून बसलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘बास गं, आता हात लावू नकोस.’’ मला वरून धुरळा दिसत होता, तिला तिरप्या उजेडात रेषा. आधी फोटो घेतला, मग टेपवर ठसा उचलला. रेषा होत्या. तेव्हापासून शेजारी टॉर्च धरणारं कुणी असल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही.

रिपोर्टात तिचं नाव माझ्या नावाशेजारी घालायला लावलं. शेजारी राबणाऱ्यांची नावं सहज गळतात. कोलकात्यात १८९७ साली फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला; तिथली वर्गीकरणाची पद्धत जगभर हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने चालली. ती उभी करण्यात राबलेले अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस किती जणांना ठाऊक आहेत?

बाकीच्या ग्रुप्सचे ठसे आमच्यापेक्षा देखणे होते. कपाळावरून, नाकावरून बोट फिरवून तेलकट करायचं आणि काचेवर दाबायचं, मग ठसा छापल्यासारखा येणारच. चोर असं करून ग्लासला हात लावत नाही. आणि हा प्रश्न कॉलेजपुरता राहणार नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे आज पावडर मारणारी मुलं लवकरच खऱ्या घरांत, खऱ्या ग्लासांपुढे बसतील. शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: प्रॅक्टिकलला कपाळावरून फिरवलेलं बोट चालवून घेऊ नका.