उणे वीसमध्ये कात टाकताना

कात टाकणं म्हणजे आपल्याला एकदम सोप्पं वाटतं. कंपनीनं लोगो बदलला, कात टाकली. एसटी स्टँडला नवा रंग दिला, कात टाकली! मी मात्र खऱ्याखुऱ्या सापाला कात टाकताना पाहिलंय, तेही मिनियापोलिसच्या डिसेंबरात. लोगो बदलणं परवडलं, बॉस.

ऑनसाइटला निघताना सगळे थंडीबद्दल भरभरून बोलतात. थर्मल घे, बूट घे, कानटोपी घे. कोरड्या हवेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. बाहेर उणे वीस असताना हवेत पाणी जवळपास मावतच नाही. तीच हवा हीटरनं बावीस डिग्रीला आणली की घराचं वाळवंट होतं. दाराच्या मुठीला हात लावला की चटका, ओठ फुटलेले, टाचांना भेगा. त्यात डाउनटाऊनमध्ये स्कायवे आहेत. इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे हे काचेचे पूल. पहिला 1962 सालचा आणि आता सगळं जाळं मिळून साधारण 15 किलोमीटर. लंच, बँक, ऑफिस सगळं आतल्या आत. बर्फ लागत नाही हे खरं, पण दिवसभर आपण हीटरचीच हवा खातो.

ख्रिसमसला रूममेट आईवडिलांकडे गेला आणि जाताना एक काचेची पेटी माझ्या गळ्यात मारून गेला. आत चार महिन्यांचं, दीड फुटी बॉल पायथन. नाव ‘पिकल’. मी अर्थातच ‘लोणचं’ म्हणायचो. (आपल्याकडे असला शौक करायच्या आधी थांबा. देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे आणि अशा विदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.)

दुसऱ्याच दिवशी लोणच्याचे डोळे दुधाळ निळे झाले. फोनवर रूममेट म्हणाला, कात येतेय, हात लावू नकोस, खायलाही देऊ नकोस. काही दिवसांनी डोळे निवळले. कात ओठांपासून सुटून उलट्या मोज्यासारखी अखंड निघायला हवी. हिची निघाली चिंध्या होऊन! अर्धी अंगालाच चिकटलेली, शेपटीच्या टोकाला घट्ट कडं, एका डोळ्यावर जुनी चकती. पेटीतला आर्द्रतेचा काटा बघितला तर 24. हवी होती साठच्या वर. वरून दिवा आणि जाळीचं झाकण, होती नव्हती ती ओल उडून गेलेली.

आईला सांगितलं. ‘अरे, खोबरेल लाव की!’ माझ्या टाचांना ठीक आहे गं, सापाला नाही.

रविवारी जरा डोकं हलकं करायला ट्रेन आणि मग बस पकडून सेंट पॉलच्या कोमो पार्कला गेलो. तिथलं 1915 चं काचघर फुकट बघता येतं. नेच्यांच्या दालनात शिरलो आणि चष्म्यावर वाफ धरली. ओल्या मातीचा वास... थेट जुलैतली ताम्हिणी. पंधरा मिनिटांत ओठ हुळहुळायचे थांबले. तेव्हा ट्यूब पेटली. लोणच्याची मंडळी घाना, टोगो, बेनिनकडची. ती उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दडतात, आणि बिळात ओल टिकते. त्याला बीळ हवं होतं!

घरी येऊन एका प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडली, आत ओलं, पिळलेलं शेवाळ भरलं आणि तो डबा पेटीत ठेवला. जाळीचं निम्मं झाकण ओल्या टॉवेलनं झाकलं. संध्याकाळी वीस मिनिटं कोमट पाण्यात, तेही पाठ बुडणार नाही इतक्याच, मी शेजारी बसून. मग ओल्या टॉवेलच्या घडीतून त्याला स्वतःच सरपटू द्यायचं. खेचायचं नाही. खरी भीती शेपटीची होती. ते कडं वाळून आवळलं की रक्त थांबतं आणि टोक गळून पडतं. दर तासाला टॉर्च मारून रंग बघायचो, मीटिंग म्यूट करून सुद्धा.

तिसऱ्या रात्री टॉवेलमध्ये अंगठीएवढं काहीतरी सापडलं. शेपटी गुलाबी आणि शाबूत!

डोळा मात्र तसाच. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. चिमटा घेऊन बसलोच होतो, पण आधी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे फोन केला. तिकडून सक्त ताकीद मिळाली: हात लावू नका, खालचा डोळा जाईल. पुढच्या कातीपर्यंत थांबा, ओल ठेवा.

थांबलो. रूममेट परतल्यावरही डब्यातलं शेवाळ मीच ओलं करायचो. जानेवारीच्या शेवटी पुन्हा डोळे निळे झाले आणि या वेळी कात अखंड निघाली, डोळ्यांच्या दोन्ही चकत्यांसकट. शिवाय आधीची अडकलेली तिसरीही.

आई म्हणते, ती कात घेऊन ये, पैशांच्या कपाटात ठेवू. परवान्याशिवाय अजगराची कात विमानातून आणता येत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.