माठ वाजवून घेताना

चैत्र लागला की छत्रपती संभाजीनगरात रस्त्याकडेला माठ मांडले जातात. आई प्रत्येक माठाला टिचकी मारून कान लावायची. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत. पुढे माझी रोजीरोटी टिचकीवरच चालेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बलूनवरून उडणाऱ्या अवरक्त दुर्बिणींचे कॅमेरे तपासणं हे माझं काम. या जातीतली आपल्याकडची नामांकित दुर्बीण टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. आरसा १०० सेंटिमीटरचा; हैदराबादहून बलूनला टांगून ती ३० किलोमीटरवर चढते, कारण खालच्या हवेतली वाफ अवरक्त प्रकाश गिळून टाकते. कॅमेरा म्हणताना मलाच हसू येतं. तिच्या एका फोटोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशमापकात, तरंगलांबीचे दोन पट्टे मिळून संवेदक अवघे १२. पण गार किती, तर ०.३ केल्व्हिन!

युक्ती माठाचीच. पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे पाण्याच्या जागी द्रव हीलियम आणि वाऱ्याच्या जागी पंप. साधा हीलियम ४.२ केल्व्हिनला उकळतो, पंपाने ओढला की २ च्याही खाली उतरतो, ०.३ ला मात्र हीलियम-३ च लागतो. (माठाला ऑइलपेंट फासून पाझरच बंद करणाऱ्यांना हे कोण सांगणार?)

संवेदक गार झाले की तपासणी. ते ज्या थर्माससारख्या भांड्यात, म्हणजे ड्यूअरमध्ये, बसवलेले असतात त्याच्या खिडकीसमोर द्रव नायट्रोजनमध्ये भिजवलेला काळा फोम धरायचा, काढायचा, आणि पडद्यावरची संवेदकाची रेघ किती उठते ते बघायचं. एका रात्री ती आपोआप चढायला लागली. गळती शोधली, जोड तपासले. शेवटी उमगलं, मीच खिडकीवर वाकलो होतो. अवरक्त प्रकाशात माणूस म्हणजे चालता दिवा. तेव्हापासून मोजणी चालू असताना मी भिंतीला टेकून उभा राहतो.

सगळ्यात शेवटी टिचकी. ड्यूअरच्या पोटावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचं. आतली संवेदकाची केसाएवढी तार नीट चिकटवलेली असेल तर रेघ एकदा थरथरून गप्प बसते. सैल असेल तर थरथर रेंगाळते. आकाशातल्या शेजारशेजारच्या दोन जागा ताडून बघण्यासाठी दुर्बिणीचा दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा डुलत असतो. ती थरथर त्या तालात मिसळली की तारा कुठला आणि तार कुठली, कळत नाही.

काम झालं की दुर्बीण पॅराशूटने उतरते, वारा नेईल त्या शेतात. त्यात मराठवाडाही आला. म्हणून टीआयएफआर आधीच सूचना काढतं: उपकरण सापडलं तर उघडू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल, छेडछाड केली तर नाही. ती पेपरात वाचून आईने फोन केला.

"आपल्याकडं पडलं, अन् नुसती टिचकी मारून बघितली, तर चालतंय का रे?"