सोळा रेखांशांचा हिशेब

परभणीहून अंदमानला निघालेल्या एका कापड व्यापाऱ्याने प्रवासाचे टिपण दुकानाच्या वहीइतकेच काटेकोर मांडले होते. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबई, तेथून चेन्नईमार्गे श्री विजयपुरम. म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. मुंबईचा विमानतळ साष्टी बेटावर, तर तिकडचा वीर सावरकर विमानतळ दक्षिण अंदमान बेटावर. दोहोंत सरळ रेषेने सुमारे २,३०० किलोमीटर अंतर. मुंबई ते चेन्नई दोन तास, पुढे समुद्रावरून सव्वादोन तास. १९११ साली सावरकरांना मद्रासहून आगबोटीने याच समुद्रापार नेले होते. आजही चेन्नईहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात.

सोबत बहात्तर वर्षांची आई होती. चाळीस वर्षांत तिचा चौविहार एकदाही चुकला नव्हता. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत परभणीत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. विमान पाच वाजून दहा मिनिटांनी उतरणार होते. म्हणजे अर्धा तास हाताशी. उतरल्यावर निवांतपणे जेवता येईल, असे मुलाने ठरवले आणि दशम्यांचा डबा पिशवीत तसाच राहिला.

साडेचारच्या सुमारास खिडकीबाहेरचे ऊन तांबूस झाले. आई म्हणाली, “अरे, दिवस फार उतरलेला दिसतो. डबा काढू का?”

“आई, अजून तासभर आहे,” मुलगा घड्याळ दाखवीत म्हणाला.

घड्याळ खरे होते, पण सूर्य घड्याळाकडे पाहून मावळत नाही. अंदमान परभणीच्या पूर्वेस सोळा रेखांश आहे आणि एका रेखांशामागे सूर्याचा फरक चार मिनिटांचा. साऱ्या भारताचे घड्याळ एकच असले, तरी तेथे मध्यान्ह परभणीच्या तासभर आधी होते आणि त्या दिवसांत सूर्य पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. विमान धावपट्टीला टेकले तेव्हा सूर्यास्त होऊन गेला होता. विमानतळाबाहेर दिवे लागले होते.

आईने डबा उघडला नाही, पाणीही मागितले नाही. मुलाला काय बोलावे ते सुचेना. गजाला बोटभरही चूक होऊ न देणारा माणूस परक्या बाजारात आपल्याच गावचे माप घेऊन गेला होता. आणि आईने विचारले तेव्हाही त्याने खिडकीपेक्षा मनगटावर अधिक विश्वास ठेवला होता. त्या रात्री त्यालाही जेवण गेले नाही.

पहाटे तो उठला तेव्हा आई खिडकीशी माळ घेऊन बसली होती. साडेपाचच्या आतच सूर्य समुद्रावर आला. अठ्ठेचाळीस मिनिटांनी, सव्वासहाच्या सुमारास, तिने नवकारशी पारली. परभणीत तेव्हा अजून सूर्योदयही झाला नव्हता. तेथे नवकारशीला साडेसात वाजले असते.

दशमीचा तुकडा मोडत आई म्हणाली, “काल पाऊण तास नेला होता, आज सव्वा तास आधी आला. तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा हा बरा, व्याजासकट फेडतो.”

मुलगा हसला. मग त्याने टिपणाची वही काढली आणि उरलेल्या प्रत्येक दिवसापुढे, विमानाच्या आणि बोटीच्या वेळांआधी, तेथील सूर्योदय आणि सूर्यास्त लिहून ठेवले.