दिव्याला हात आडवा धरून

फेब्रुवारीअखेर पिंपळगाव बसवंतमध्ये द्राक्षांच्या गाड्यांची वर्दळ असते. त्या वर्दळीतून वाट काढत, फजरची नमाज पढून आम्ही चौघे पुण्याला निघालो : आम्ही नवराबायको, अकरावीची थोरली आणि धाकटा. तारीख २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. या दिवशी पुण्याची 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था सर्वांना आत येऊ देते.

हट्ट थोरलीचा होता. तिला फिजिक्स शिकायचे आहे. घरात मात्र डी.फार्मसीची बोलणी सुरू होती. तिची दादी म्हणे, "बेटा, तारे मोजून पोट भरतं का?" खरे सांगायचे तर मनातून आम्हीही दादीच्याच बाजूचे होतो. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणे वेगळे आणि स्वतःच्या मुलीला त्या वाटेवर सोडणे वेगळे.

संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत पुणे गाठले. डॉ. जयंत नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक. संस्था १९८८ सालची. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. धाकटा तिथेच रमला.

एका टेबलाशी गर्दी होती. तिथल्या ताईंनी दिव्यासमोर दोन काळसर पारदर्शक पट्ट्या धरल्या. एक फिरवली तसा दिवा मंद होत विझल्यासारखा झाला. हे प्रकाशाचे ध्रुवीकरण, वर्तमानपत्रातले नव्हे! घरी चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या आमच्या थोरलीने भर गर्दीत विचारले, "ताई, ताऱ्याच्या एवढ्या झगमगाटात शेजारचा ग्रह दिसतो तरी कसा?"

ताईंनी तिला जवळ बोलावून सांगितले. पहिली अडचण हवेची. तापलेल्या तव्यावरून पाहिले की पलीकडची भिंत हलताना दिसते, तसाच तारा हवेमुळे थरथरतो. म्हणून दुर्बिणीत एक लवचीक आरसा बसवतात. तो सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून ती थरथर पुसतो. आयुका आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून 'रोबो-एओ' नावाची अशी यंत्रणा बनवली. २०१२ च्या सुमारास ती कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत माणसाच्या मदतीवाचून काम करू लागली.

दुसरी अडचण झगमगाटाची. ताऱ्याचा थेट प्रकाश जवळजवळ अध्रुवित असतो. पण भोवतालच्या धुळीवरून विखुरलेला प्रकाश ध्रुवित होतो. दोन दिशांच्या पट्ट्यांतून दोन चित्रे घ्यायची आणि एकातून दुसरे वजा करायचे. तारा जवळपास पुसला जातो, धूळ उरते. ज्या धुळीतून ग्रह जन्मतात ती अशी दिसते. चिलीमधल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीवर २०१४ पासून 'स्फिअर' हे उपकरण याच कामाला लागले आहे. त्यानेच २०१८ साली, सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूरच्या पीडीएस ७० या ताऱ्याभोवती घडत असलेल्या ग्रहाचे चित्र जगाला दाखवले.

आम्हाला इब्न अल-हैसम आठवले. हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये त्यांनी हवेतून येताना ताऱ्याचा प्रकाश कसा वाकतो याचा विचार केला होता. हे नाव आम्ही वर्गात अभिमानाने घेतो. मग घरातली मुलगी तोच विषय मागते तेव्हा आमचे पाय का मागे येतात?

परतताना मंचरहून घोडेगावच्या बाजूला वळलो. तिकडे गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. ध्रुवित प्रकाश मोजायची सोय तिच्यातही आहे. मगरिबची वेळ झाली होती. रस्त्याकडेला नमाज पढली. उजेड सरत होता आणि थोरली डोंगराकडे बघत उभी होती. कोणी काही बोलले नाही.

घरी पोहोचायला मध्यरात्र झाली. दादी जागीच होती. "काय पाहिलंस गं?" थोरली तिला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. समोर रस्त्याचा दिवा भगभगत होता. "दादी, दिव्याला हात आडवा धर, मग वर बघ."

दादीने हात धरला. थोडा वेळ गेला. "हां, दिसले! एक... आणि ते बारीक दुसरे."

"दादी, मला हेच शिकायचंय."

दादी बराच वेळ वर पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "हिच्या कॉलेजला खर्च किती येतो, ते विचारून ठेवा."

बारावीनंतर पहिला अर्ज बी.एस्सी. फिजिक्सचा, हे त्या रात्री गच्चीवरच ठरले.