आभाळ बघणारे

अहमदपुरात आभाळाकडे बघायचं ते पावसासाठी. मिरग निघाला, की तिफण जुंपण्याआधी मान वर होते. बालाघाटाच्या या माळावर आभाळ रुसलं की काय होतं, ते २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं. म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून पडलेलो असताना वरून विमान गेलं, की घरातलं कुणीतरी विचारतंच, “एवढ्या वरून पाऊस दिसत असंल का?”

मला त्या लुकलुकत्या दिव्यामागे जॉन गिलेस्पी मगी आठवतो. १९२२ साली शांघायला जन्मलेला मिशनऱ्याचा पोरगा. बाप अमेरिकन, आई इंग्रज. शाळेतच कवितेचं बक्षीस मिळवलेलं. अमेरिका अजून दुसऱ्या महायुद्धात उतरली नव्हती, म्हणून येलची शिष्यवृत्ती सोडून १९४० साली तो कॅनडाच्या हवाई दलात गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवू लागला.

३ सप्टेंबर १९४१ ला त्यानं आईवडिलांना पत्र लिहिलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर एक कविता उतरवली : ‘हाय फ्लाइट’. तीस हजार फुटांवर ती सुचू लागली आणि खाली उतरल्यावर थोड्याच वेळात पुरी झाली, असं त्यानं कळवलं. चौदा ओळी, केशवसुतांनी मराठीत रुजवलं ते सुनीतच. विमानाच्या पंखांत बंदुका, पण कवितेत शत्रू नाही, गोळी नाही. नुसता वर जाण्याचा हर्ष. एकोणीस वर्षांच्या पोरानं युद्धाला त्या चौदा ओळींच्या उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

११ डिसेंबरला लिंकनशायरवर ढगांतून खाली येताना त्याचं विमान सरावाच्या एका विमानावर आदळलं. त्यानं डोक्यावरचं झाकण कसंबसं सरकवलं, उभा राहिला, उडी घेतली. पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती. हे खालून पाहिलं एका शेतकऱ्यानं.

पुढे त्या कवितेला मोठं आयुष्य लाभलं. १९८६ साली ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात सात अंतराळवीर गेले, त्या संध्याकाळी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तिच्यातल्याच शब्दांत त्यांना निरोप दिला. लिंकनशायरमधल्या स्कॉपविकच्या दफनभूमीत मगीच्या थडग्यावरही तिच्या ओळी कोरल्या आहेत.

माझ्या मनातून मात्र तो शेतकरी जात नाही. कवितेत खाली वळून बघणं नाही. खालच्यानं तेवढं वर बघितलं. मान वर केली असेल ती कदाचित ढगांसाठीच.

विमान नांदेडच्या अंगाला विरतं. घरघर मागाहून येते, तीही विरते. गच्चीवर कुणी कूस बदलत नाही. सगळे अजून वरच बघत असतात.