डावे आणि उजवे सुकाणू यांस

राजश्री डावे सुकाणू व राजश्री उजवे सुकाणू,
मुक्काम बोटीच्या बुडाखाली, यांस

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. साष्टांग शब्दशः घ्यावा. तुमच्या पत्त्यावर पोचायचं तर चिखलात आडवंच व्हावं लागतं.

इकडचं वर्तमान असं, की पाऊस लागला, मांडव्याच्या फेऱ्या थांबल्या आणि आपली बोटही वर घेतली. बूड खरवडून झालं. दोन्ही इंजिनं ठणठणीत, पंख्यांना पोचा नाही. उरलात तुम्ही.

तुमच्याबद्दल थोडं बोलायचंय. अख्खा हंगाम बोट वेगात आली की चाक थरथरायचं आणि तांडेलानं एका हातानं रेटून धरलं नाही, तर नाळ हळूच उजवीकडे सरकायची. डावीकडे झोकात वळणार, उजवीकडे मात्र फरफट. मग काय, आधी इंजिनांचे पाय आवळले, मग शाफ्ट तपासले, शेवटी पंखे उतरवून बॅलन्सिंगला पाठवले. खर्च विचारू नका. आणि तुम्ही दोघं एकाच टाय रॉडला बांधलेले, एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारखे, एकमेकांविरुद्ध पाणी ढकलत गप्प. अहो, तक्रार करायची एक रीत असते!

तुमची बाजूही मला कळते. आमचे जुने मिस्त्री दोरी लावून तुम्हाला समांतर करायचे आणि हात झटकायचे. पण किनाऱ्यावरचं समांतर पाण्याला मान्य असतंच असं नाही. आपल्या बोटीचे पंखे बाहेरच्या अंगाला फिरतात. मागून पाहिलं तर उजवा घड्याळाच्या काट्यांसारखा, डावा उलटा. त्यांनी पिळून सोडलेलं पाणी तुमच्या वरच्या अर्ध्या भागाला बाहेर ढकलतं, खालच्याला आत. वरती बोटीचं बूड, खाली मोकळं पाणी, शाफ्टही तिरपा. म्हणून दोन्ही धक्के बरोबरीचे होत नाहीत. त्यात बुडाच्या उतारावरून येणारा प्रवाहही नाकासमोर येत नाही. मग कुणाच्या पुढच्या कडा किंचित आत हव्यात आणि कुणाच्या बाहेर, ते ज्या त्या बोटीवर ठरतं.  

तुमचा रुसवा मी हलका धरत नाही. १९४१ च्या मे महिन्यात बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेची तुमच्यासारखीच जोडगोळी टॉर्पेडोच्या माऱ्यानं डावीकडे सुमारे १२ अंशांवर अडकली. पंखे कमीजास्त वेगानं फिरवूनही ती सरळ जाईना. दुसऱ्या दिवशी बुडाली. धक्क्याला लागताना आम्ही एक इंजिन पुढं, एक मागं टाकून तुमच्यावाचून बोट जागच्या जागी फिरवतो, याचा फार गर्व करू नये तो यासाठी.

आता विनंती. चाक मधोमध ठेवून तुमच्या पात्यांना लांब सरळ पट्ट्या बांधणार आहे. राग मानू नये. ३०० मिलिमीटर रुंदीचं पातं एक अंश कललं, तर त्याच्या दोन कडांमध्ये जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक पडतो. एवढा फरक नजरेला फसवतो. एक मीटरच्या पट्टीवर तोच साडेसतरा होतो, मग लपणं कठीण. दोन्ही पट्ट्यांमधलं पुढचं आणि मागचं अंतर एकाच उंचीवर मोजू. त्याआधी टिलर आर्मची चावी आणि वरचं बेअरिंग हलवून पाहू, कारण तिथं खेळ असेल तर सगळं मोजमाप फुकट. सुरुवात समांतरपासून. मग टाय रॉडचा एकेक आटा फिरवायचा, समुद्रात नेहमीच्या वेगानं न्यायचं, आणि दोन्ही बाजूंना सारखी वळते का, चाक शांत राहतं का, त्याच आरपीएमला वेग वाढतो का, हे पाहायचं. दर वेळी बदल लिहून ठेवायचा. जिथं तुमचा जीव रमेल तिथं लॉकनट आवळू, मग किनाऱ्यावर तुम्ही वाकडे दिसलात तरी चालेल. फक्त एक करा, दोन्ही बाजूंचे स्टॉप, तुम्हाला वळवणारा सिलिंडर तळाला टेकण्याआधी लागू द्या.

कळावे, लोभ असावा.

ता. क. हे पत्र चुकून एखाद्या बोटमालकाच्या हाती पडलं, तर त्यांनी पंखे दुरुस्तीला धाडण्याआधी आपल्या सुकाणूंमधलं अंतर पुढून आणि मागून एकदा मोजावं. टेपपट्टी पुरते.